लेकाच्या गावी लॉज

भूमच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवांजलीची खव्याची भट्टी आहे. म्हणायला ती तिच्या नवऱ्याची, योगीराजची. पाटीवर त्याचंच नाव आहे. पण दुधाची किटली घेऊन येणारा एकही माणूस योगीराजला दूध दाखवत नाही. तो झाकण काढतो आणि शिवांजलीच्या तोंडाकडं बघतो. ती वाकते, एकदा वास घेते. नाक मुरडलं की विषय संपला. "घिऊन जावा. काल संध्याकाळचं मिसळलंय ह्यात." मग तो माणूस पोराबाळांच्या शपथा घेतो, देवाला मधे घालतो, पण बाई ढिम्म हलत नाही. त्रेचाळीस वर्षांची, उंच, काटक, मनगटावर उडालेल्या दुधाचे डाग, आणि राग म्हणाल तर कायम तयार. नासकं दूध तिला चालत नाही आणि गोडगोड बोलणं तर त्याहून चालत नाही. दोन्हीची तिला सारखीच शिसारी.

अशा बाईवर गेल्या माघात परदेशातलं हॉटेल शोधायची पाळी आली.

तिचा धाकटा भाऊ अमरसिंह ॲमस्टरडॅमला असतो. कॉम्प्युटरमधलं काहीतरी काम, नऊ वर्षं झाली. माहेर अणदूरचं. आबा म्हणजे बब्रुवान, वय पंचाहत्तर, आणि आई धुरपदाबाई, तिचे दोन्ही गुडघे गेलेले. ती दोघं अजून अणदूरलाच असतात. नऊ वर्षांत त्यांनी लेकाचा संसार फोनच्या काचेतनंच बघितला. सून हर्षाली पुण्याची. तिला त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं ते सगळं मिळून तीनदा, आणि नात तर एकदाही नाही. आता अमरनं तिकडं स्वतःचं घर घेतलं. मे महिन्यात घराची वास्तुशांत आणि पोरीचा पहिला वाढदिवस एकदमच ठरवला आणि आई-आबांना दोन आठवड्यांसाठी बोलावलं. मग काय विचारता! पिठाच्या गिरणीपासून खंडोबाच्या देवळापर्यंत अर्ध्या दिवसात गावभर झालं. धुरपदाबाई भेटेल त्याला सांगायची, "लेकाच्या घरी चाललाव. नव्या घरी." फॉरेनला चाललो असं ती एकदाही म्हणाली नाही. तिला परदेशाशी काय देणंघेणं? तिला घरी जायचं होतं.

आणि मग एका दुपारी, शिवांजली कढई उतरवून जरा टेकली होती, तेवढ्यात अमरचा फोन आला.

"ताई, एक छोटंसं काम होतं गं. आई-आबांसाठी इकडचं एखादं हॉटेल बघून देशील? त्यांच्या सवयी तुलाच जास्त माहीत."

"कसलं? जेवायचं?"

"नाही गं, राहायचं."

शिवांजलीला वाटलं, आपलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. "आन् तुझं घर कुठं गेलं?"

"घर आहे ना. पण तीनच बेडरूम आहेत. एकीत आम्ही, एकीत हर्षालीचे आई-बाबा, ते जुलैपर्यंत आहेत. आणि तिसरीत माझं ऑफिस."

"हापिसात कोण झोपतंय?"

"कुणी नाही. टेबल आहे, स्क्रीन आहेत."

"म्हंजी टेबलाला खोली हाय, आईला न्हाई."

"ताई, तू लगेच असं करतेस. अगं, त्यांनाही मोकळं वाटेल. त्यांची त्यांना प्रायव्हसी." मग तो जरा घुटमळला, आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का, रागावू नकोस. आईची मिश्री असते. आबा सकाळी उठून केवढ्यानं खाकरतात, बेसिनमधे थुंकतात. घरात लहान बाळ आहे. हर्षालीला जरा... किळस येते गं. तिचाही दोष नाही."

"हर्षालीला येती. आन् तुला?"

"आता सवय राहिली नाही ना," अमर म्हणाला.

शिवांजलीनं फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकाला गेली. समोर ताजा खवा होता, त्याचा वास तिला एरवी किती आवडायचा, पण आज तो वासही नकोसा झाला. ती उठून मोरीवर गेली आणि चूळ भरून आली. हा पोरगा सहा वर्षांचा असताना तुळजापूरच्या एसटीत ओकला होता. कंडक्टर उतरवून देईल म्हणून आबांनी ती ओकारी आपल्या ओंजळीत धरली होती, आणि पुढच्या थांब्यापर्यंत तशीच धरून बसले होते. त्या आबांची ह्याला सवय राहिली नाही. आणि सांगतोय कसा, तर बायकोच्या नावावर! शी!

आता कुणीही म्हणेल, बाई, एवढी चीड आली तर सरळ नाही म्हणायचं. तीही रात्रभर तेच घोकत होती. पण नाही म्हटलं तर काय झालं असतं? अमरनं पाच मिनिटांत कुठलंतरी हॉटेल ठोकून दिलं असतं आणि आईला दोन आठवडे जिने चढायला लावले असते. आणि जाणंच रद्द करायचं म्हटलं, तर आईला कारण सांगावं लागलं असतं. ते शिवांजलीला मरेपर्यंत जमलं नसतं. लेकाच्या घरात आपण नको आहोत, हे आईच्या कानावर जाता कामा नये, एवढीच तिची धडपड होती. त्यापायी तिनं अमरनं मोबाईलवर पाठवलेली हॉटेलांची लिंक उघडली.

पहिली चूक तिनं भूमच्या अकलेनं केली. आपल्याकडं परगावी उतरायचं तर स्टँडजवळ. हातात पिशव्या असतात, सकाळची गाडी चुकत नाही, चहा मिळतो, माणसांची जाग असते. म्हणून तिनं स्टेशनजवळची हॉटेलं काढली. दोन-तीन बरी वाटली. मोबाईलमधे तिथल्या रस्त्यावर उतरून चालल्यासारखं बघता येतं. ती बोटानं चालत निघाली, एक पूल ओलांडला, डावीकडं वळली, तर ओळीनं काचेची दारं. वर तांबडे दिवे लावलेले, आणि पाट्यांवरची चित्रं बघून तिला दरदरून घाम फुटला.

"काय बघायलीस?" म्हणून योगीराज मागून डोकावला.

"तुमचं काय काम हाय हितं?" म्हणत तिनं मोबाईल पदराखाली दाबला. आई तिथं संध्याकाळी हवा खायला बसली असती आणि आबांनी कुणाला तरी रामराम घातला असता, ह्या विचारानं तिला हसू आलं आणि लगेच हसल्याचाही राग आला. स्टेशनचा परिसर कटाप.

मग कालव्याकाठचा जुना भाग. काय सुंदर घरं! उंच, चिंचोळी, खिडक्यांत फुलं. राहून गेलेल्या लोकांनी खाली आपापलं मत लिहिलेलं असतं, ते ती मोबाईलकडून मराठीत करून घ्यायची. सगळे कौतुक करत होते आणि मधेच एक वाक्य: जिना शिडीसारखा उभा आहे. लिफ्ट नाही. एकानं लिहिलं होतं, आम्ही सामान दोरीनं वर ओढून घेतलं. हात्तिच्या! म्हणजे आईलाही दोरीनंच वर ओढायचं की काय?

पंधरा-वीस दिवस हेच चाललं. एकीकडं दूध आटतंय, दुसरीकडं ही बाई ॲमस्टरडॅमच्या गल्ल्या हिंडतेय. तिला आता ठाऊक झालं की लिफ्ट आहे असं लिहिलेलं असलं तरी ती पायऱ्या चढून गेल्यावर असते. न्हाणीघरात टब असला की त्याचा काठ गुडघ्याएवढा असतो आणि आई तो ओलांडू शकत नाही. नाष्टा सातला मिळतो आणि आबांना पहाटे साडेचारला चहा लागतो, म्हणून खोलीत किटली पाहिजे. रस्त्यावर सायकली सुसाट जातात, त्या लोकांना ब्रेक असतात की नाही कोण जाणे, तर फुटपाथ रुंद पाहिजे. कोपऱ्यावर औषधाचं दुकान पाहिजे, आणि शंभर पावलांवर एखादा बाक, म्हणजे आईला मधे टेकता येईल. हे सगळं तिनं कुणाला विचारून केलं नाही. आईचे गुडघे तिच्या डोळ्यांपुढं होते, तेवढ्यावर केलं.

शेवटी तिला हवं तसं सापडलं ते शहराच्या कडेला, अमरच्याच वस्तीत. शांत रस्ता, झाडं, बाक, ट्राम. हॉटेल लहान. न्हाणीचं मात्र काही कळेना. म्हणून बारावीपर्यंतचं इंग्रजी आणि मोबाईल, दोन्ही पणाला लावून तिनं हॉटेलला पत्र लिहिलं: माझ्या आईचे गुडघे दुखतात, न्हाणीची फरशी सपाट आहे का? तासाभरात उत्तर. तिथल्या माणसानं फोटो काढून पाठवला होता. सपाट फरशी, भिंतीला धरायला दांडा, आणि आत एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची. खाली लिहिलं होतं, आईंना बसून अंघोळ करता येईल म्हणून खुर्ची मी आजच ठेवून बघितली, चांगली मावते.

शिवांजली त्या खुर्चीकडं बघत राहिली. ह्या परक्या माणसानं तिच्या आईला कधी बघितलं नव्हतं. आणि पोटच्या पोराला टेबल सरकवता येत नव्हतं.

तिनं अमरला कळवलं. तर साहेब म्हणतात, "ताई, हे फारच जवळ होतंय गं. चार मिनिटांवर. मग ते सारखे येत राहतील. पंधरा-वीस मिनिटांवरचं बघ ना, म्हणजे ठरवून भेटता येईल."

"सारखे कोण येत ऱ्हातील?"

"अगं, आई-आबा."

"भिकारी असल्यावानी बोलू नको त्यांना," ती एवढ्या जोरात ओरडली की किटल्या घेऊन उभी असलेली माणसं दोन पावलं मागं सरली. "हेच करायचं. न्हाई तर मी आईला सगळं सांगते. मिश्रीसकट."

अमरनं निमूट हेच नक्की केलं.

आता घरी सांगायचं कसं, हा प्रश्न उरला. ती अणदूरला गेली आणि आबांची जरा चाचपणी केली. "आबा, समजा तिकडं हॉटेलात ऱ्हावं लागलं तर?"

"हॉटेलात कोण ऱ्हातंय?" आबा म्हणाले. "हॉटेलात च्या पितेत, भजी खातेत. ऱ्हायचं ते लॉजवर. आन् लॉजवर कसली माणसं जातेत, मला सांगाया लावू नको."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "लेकाच्या गावी जाऊन लॉजवर ऱ्हायला आमी काय बेवारशी हाव का?"

झालं. मग शिवांजलीनं ती गोष्ट केली जी तिला जन्मात आवडली नव्हती. गोड बोलली. म्हणाली, अमरच्या सोसायटीत पाहुण्यांसाठी निराळी खोली असते, खाटबीट सगळं असतं, तिथं झोपायचं आणि दिवसभर घरी. आईनं मान डोलावली. "मंजे आपल्या वसरीवानीच की." शिवांजली व्हय म्हणाली आणि तिला स्वतःचीच घाण वाटली. दुसऱ्या कुणी असलं दूध आणलं असतं तर तिनं रस्त्यात ओतलं असतं.

व्हिसाचा अर्ज द्यायला पुण्याला जावं लागतं, बोटांचे ठसे घेतात म्हणून. तिघं पहाटेच्या एसटीनं गेली. ऑफिस चकचकीत, गार, आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही असं. म्हाताऱ्या माणसांबरोबर एकाला आत सोडतात, म्हणून शिवांजलीही काउंटरपर्यंत गेली. पलीकडं चोवीस-पंचवीसची एक मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. तिनं फाईल चाळली आणि कौतुकानं विचारलं, "आजी, हॉटेल कुठलं तुमचं?"

"स्टँडापशी खाल्लं की," आई म्हणाली. "पोहे खाल्ले. बरे होते."

मुलगी हसली. "तसं नाही आजी. तिकडं राहणार त्या हॉटेलचं विचारलं."

"हॉटेल न्हाई बाई. पोराच्या घरी चाललाव आमी."

शिवांजली पुढं होऊन काही बोलणार तेवढ्यात मुलीनं कागद फिरवून आईपुढं धरला. आईला इंग्रजी कुठलं येणार? पण वरती हॉटेलचा फोटो होता. मुलीच्या आवाजातलं हसू आता कमी झालं होतं. "आजी, इथं चौदा रात्रींचं हॉटेल बुक आहे. मुलाचं पत्र आहे, त्यात त्याच गावात स्वतःचं घर असल्याचं लिहिलंय. तुम्ही म्हणता घरी राहणार. दोन्ही खरं कसं? मला नीट लिहावं लागेल, नाहीतर अर्ज परत येईल. घर असताना हॉटेल का?"

आई त्या फोटोकडं बघत होती. मग तिनं मान वळवून शिवांजलीच्या तोंडाकडं बघितलं. शिवांजलीला नजर उचलता आली नाही. तेवढं आईला पुरलं.

"आमच्यात रीत हाय," धुरपदाबाई म्हणाली.

"कसली?"

"लेकानं नवं घर बांधलं, की आईबापानं तिथं पाठ टेकायची न्हाई. घरभरणी झाल्याबिगर."

"पण वास्तुशांत तर पहिल्याच आठवड्यात आहे आजी. तसं पत्रात आहे."

"तिथनं फुडं सव्वा म्हैना पाळायचा असतोय," आई एका दमात म्हणाली. "जेवायचं-खायचं घरात. निजायचं भाईर. न्हाई तर घराला लागतंय."

शिवांजली थिजली. असली रीत अणदूरात नव्हती, भूममधे नव्हती, उभ्या जिल्ह्यात कुणाच्या घरात नव्हती. आईनं ती आत्ता, त्या काउंटरवर उभ्या उभ्या तयार केली होती. मुलीनं आबांकडं बघितलं. आबा कागदावरच्या फोटोकडं बघत होते आणि त्यांचा जबडा हलत होता. लॉज, हा शब्द आता त्यांच्या तोंडून बाहेर पडणार, असं शिवांजलीला वाटलं.

"व्हय," आबा म्हणाले. "रीत हाय. माझ्या आज्यापास्नं चालत आलीय."

"अय्या, किती छान!" मुलगी म्हणाली. "आता कोण पाळतं हो असं!" आणि तिनं ते सगळं भराभर टाईप केलं. त्या कौतुकाची शिवांजलीला शिसारी आली. मग आईच्या बोटांचे ठसे घेतले. आयुष्यभर राबून बोटं गुळगुळीत झालेली, यंत्राला ती दिसेनात. मुलगी फडक्यानं पुसून पुन्हा पुन्हा दाबत होती, आणि आई म्हणत होती, "दाब बाई, दाब, दुखत न्हाई."

बाहेर आल्यावर आबा पाण्याची बाटली आणतो म्हणून निघून गेले, वळून न बघता. मायलेकी झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या. शिवांजलीनं मनात दहा वाक्यं जुळवली होती, आणि तोंडातनं एकच आलं. "आई, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं?" आईनं पदर सारखा केला. "आता ध्यानात ठिव. गावात बी हेच सांगायचं. सव्वा म्हैना. दोघींचं बोलणं एक ऱ्हाऊ दे, न्हाई तर एकीचं एक, दुसरीचं दुसरं हुईल, आन् लोकं पोराला नावं ठिवतील."

"ठिवू देत की! आई, तुला राग कसा येईना? अगं, त्येनं तुला लॉजवर टाकलंय! मला त्येच्या नावाची किळस यायलीय, आन् तू त्येच्यासाठी रीत काढतीस? तुला काईच वाटंना का?"

"वाटतंय की," धुरपदाबाई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "पण नातीला अजून हातात घेतलं न्हाई म्या."

रस्त्यावरनं गाड्या जात होत्या. आबा अजून आले नव्हते.

मग आईनं विचारलं, "शिवा, त्या खोलीला खिडकी हाय का?"

"हाय."

"तिथनं त्येचं घर दिसतंय का?"

ती गल्ली शिवांजलीनं बोटानं शंभरदा चालून बघितली होती. खोलीची खिडकी मागच्या बाजूला उघडत होती, समोर पाण्याचा पाट आणि पलीकडं शाळेची भिंत होती.

"दिसतं की," ती म्हणाली. "दार बी दिसतंय."

"मग झालं," आई म्हणाली. "पोरगी भाईर खेळाया आली की कळंल."

शिवांजली उठून थोडी बाजूला गेली आणि आईकडं पाठ करून मोबाईल काढला. अमरचं दार शोधलं आणि त्याच्या समोरच्या इमारतींकडं बोटानं वळली. तिथं हॉटेल नव्हतं. "शी, काय कामाला लावलंय मेल्यानं," ती पुटपुटली, आणि भाड्यानं मिळणारी एखादी खोली तरी त्या बाजूला आहे का, ते पहिल्यापासून बघायला लागली.